बिनतेलाची गाडी

“मॉल्युकुल,” धर्मेंद्र आरशाला म्हणाला. मग टायची गाठ वर सरकवून, हनुवटी किंचित उचलून पुन्हा एकदा, “मॉल्युकुल.”

रेणू मागे कपाटात पदराची पिन शोधत होती. भात खाताना अचानक दाताखाली खडा यावा तसा तो शब्द तिला लागला. धर्मेंद्र शब्द चुकीचे म्हणतो हे काही तिला आज कळत नव्हतं. पण आज त्याने तो शब्द लाडाने म्हटला होता, नव्या नवरीचं नाव घ्यावं तसा जिभेवर फिरवून, आणि त्या लाडाचीच तिला शिसारी आली. “मॉलिक्यूल,” एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. तिने म्हटलं नाही. माणसाला दुरुस्त करायला त्याच्याबद्दल थोडी तरी आस्था लागते, असं तिच्या मनात आलं, आणि हे वाक्य आपल्याला सुचलं याचं तिला बरं वाटलं. पिन सापडली. खिडकीबाहेर भंडाऱ्याचं फेब्रुवारीतलं ऊन पडलं होतं. खाली दुकानात सासरे, चंद्रभानजी, शटर वर ढकलत होते. एके काळी त्या दुकानातून कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी नागपूर-रायपूरला जायची, मागे चार माग खडखडायचे. आता तिथे सुरतेच्या साड्या होत्या आणि एका कोपऱ्यात, जिथे कोशाचे गठ्ठे रचलेले असायचे, तिथे ‘वज्रबूँद’ची खोकी. एका खोक्यात निळ्या बाटल्या, बाटलीवर गर्जणारा वाघ. मोटरसायकलच्या इंजिनात तेलासोबत एक बाटली टाकायची आणि मग इंजिन म्हणे म्हातारंच होत नाही.

वज्रबूँद येण्याआधी चुंबकाची गादी आली होती. गादीच्या आधी पाणी शुद्ध करणारं यंत्र, त्याच्याही आधी शेवाळ्याच्या हिरव्या गोळ्या. दर वेळी नागपूरच्या कुठल्यातरी हॉटेलात सभा व्हायची, दर वेळी धर्मेंद्र तिथून डोळ्यांत पाणी घेऊन यायचा, आणि दर वेळी वस्तू आधी स्वतःवर वापरून पाहायचा. चुंबकाच्या गादीवर झोपून दुसऱ्या सकाळी तो म्हणाला होता की त्याची पाठदुखी गेली. त्याला पाठदुखी कधी नव्हतीच. पण तो खोटं बोलत नव्हता, हेच तर होतं. लबाड माणसासोबत रेणूने संसार केला असता, आनंदानेही केला असता. लबाडाला निदान खरं काय ते माहीत असतं, रात्री दिवा मालवल्यावर त्याच्यासोबत हसता तरी येतं. ह्या माणसासोबत हसायचं कशावर? तो लोकांना फसवायच्या आधी स्वतः फसायचा, मनापासून, पाय धुऊन देवळात शिरल्यासारखा. आणि मग संध्याकाळी जेवताना विचारायचा, “तुले काय वाटते, रेणू?” ती म्हणायची, “चांगलं आहे.” तिच्या आवाजात काय असतं हे त्याला कधी ऐकू आलं नाही. ऐकू न येणं हा जणू त्याचा स्वभावच होता.

रेणू पवनीच्या मधुकररावांची मुलगी. मधुकररावांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि शाळा सुटली की रेणू तिथेच, टायरांच्या चळतीवर बसून अभ्यास करायची. बाप स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मग मूठ रेणूच्या कानाला. “आयकू येते? टिकटिक? थे टॅपेट. आन् ही घरघर? थे बेरिंग.” तिला यायचं ऐकू. तेलात भर टाकायच्या बाटल्या तेव्हाही निघाल्या होत्या, वेगळ्या नावांच्या. गिऱ्हाईक बाटली घेऊन यायचं, “टाका यातली जराशी,” म्हणायचं. मधुकरराव काही न बोलता टाकायचे. गिऱ्हाईक गेलं की पोरीकडे वळून म्हणायचे, “गाढव.” आणि दोघं हसायची. मग ते समजावून सांगायचे, फक्त तिला: कारची क्लच कोरडी असते, आपल्या गाडीची क्लच तेलात बुडालेली असते, तेल नको तितकं निसरडं केलं की प्लेटा एकमेकींना धरत नाहीत, इंजिन नुसतं बोंबलते आणि चाक फिरत नाही. चांगल्या तेलात जे पाहिजे ते कारखान्यातच टाकलेलं असते, वरून काही टाकायची गरज नाही, वेळेवर तेल बदला आणि गप बसा. “मग तुम्ही त्याले सांगितलं काहून नाही, बाबा?” असं तिने एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, “ज्याले विचारायची गरज नाही वाटत, त्याले सांगाची मले काय गरज?” तिला ते उत्तर फार आवडलं होतं. बाबा गेले, दुकान दुसऱ्याने घेतलं, पण ते उत्तर तिने माहेरच्या सोन्यासारखं सांभाळून आणलं होतं.

आजचा कार्यक्रम गोसीखुर्द धरणाच्या बाजूच्या एका पुनर्वसन गावात होता. कंपनीच्या कमलेश सरांनी, म्हणजे हातात तीन अंगठ्या घालणाऱ्या एका नागपूरच्या माणसाने, धर्मेंद्रला सांगितलं होतं की प्रयोगाला गाडी गावातल्याच माणसाची घ्यायची, म्हणजे शंका राहत नाही. आणि बायकोला सोबत न्यायचं, फॅमिली दिसली की भरवसा बसतो. म्हणून रेणू मागे बसली. धर्मेंद्रने स्वतःच्या गाडीत आधीच दोन बाटल्या ओतलेल्या होत्या. अड्याळ मागे पडलं, आणि एका चढावर गाडीने आवाज वाढवला, वेग मात्र तोच राहिला. रेणूला मांड्यांखाली कळलं: प्लेटा घसरताहेत. “पिकअप पाह्यलं?” धर्मेंद्र मान वळवून वाऱ्यात ओरडला. “पाह्यलं,” ती त्याच्या पाठीला म्हणाली आणि हसली. एकटीने हसताना तोंड किती कडू होतं, हेही तिला आता सवयीचं झालं होतं. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाची खाचरं पाण्याने भरलेली होती. बगळे होते. तिला काहीच पाहायचं नव्हतं. धर्मेंद्रच्या मानेवर टायमुळे घामाची रेघ ओढली गेली होती, ती तेवढी तिने सबंध रस्ताभर पाहिली.

गाव म्हणजे पट्टी ठेवून रेघा मारल्यासारखं. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, अजून अंगात न भरलेली झाडं. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ही माणसं इथे आणून मांडली होती. समाजमंदिरासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या. गाडी द्यायला तयार झालेला माणूस बुधराम. ढिवराचा, पन्नाशीचा, काळा, सडपातळ. रोज पहाटे धरणातली मासोळी थर्माकोलच्या खोक्यात भरून तो त्या गाडीवर पवनीच्या बाजारात न्यायचा. खोकं आज काढून ठेवलं होतं, पण गाडीला वास होता. गाडी पुसून आणली होती, हॅंडलला कोणीतरी झेंडूचं फूलही खोचलं होतं. रेणूने ते फूल पाहिलं आणि तिला ह्या गावाचाही राग आला. इतक्या सहज कोणी काही देतं का? एकदा सगळं गाव देऊन बसले, तरी ह्यांची सवय जात नाही.

बुधरामची बायको, बायाबाई, तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. चहाचा कप तिच्या हातात देऊन तिने हळूच विचारलं, “बाई, गाडीले काई होनार तं नाई ना वो? धंदाच थ्याच्यावर हाये आमचा.”

“त्यांनाच विचारा,” रेणू म्हणाली. “त्यांना सगळं माहीत आहे.”

बायाबाईने मान हलवली. टोमणा तिला लागला नाही. टोमणा पोहोचायलाही समोर काहीतरी लागतं, असं रेणूच्या मनात आलं. धर्मेंद्र बोलत होता. मित्रांनो, मॉल्युकुल. लोखंडाच्या भोवती कवच. कवच म्हणजे काय? तुमच्या मासोळीच्या अंगावर खवले असतात का नाही? लोक हसले, त्यांना ते आवडलं. रेणूला आपल्या नवऱ्याचा हात दिसत होता, तो बाटली धरून हवेत गोल फिरवत होता. तिला वाटलं, ह्या हाताला मी किती वर्षं जेवण वाढते आहे. बाटली इंजिनात ओतली गेली. गाडी थोडा वेळ चालू ठेवली. मग खालचा नट सोडून तेल काढलं. काळी, गरम धार बायाबाईच्या घमेल्यात पडली. नट परत लावला. आता इंजिनात तेल नाही, धर्मेंद्रने दोन्ही हात वर करून सांगितलं, आणि किक मारली.

गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. लोक पुढे सरकले. एका म्हाताऱ्याने इंजिनाजवळ कान नेला. रेणूला ठाऊक होतं की जागेवर उभी, रेस न देता, बिनतेलाची कुठलीही गाडी अशी थोडा वेळ चालते. आत भिंतींना चिकटलेलं तेल तेवढ्यापुरतं पुरतं. वज्रबूँद न टाकताही चालली असती. बाबांनी हा खेळ तिला एकदा दुपारी दुकानात करून दाखवला होता. पण धर्मेंद्रला हे माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला होता तो खरा होता. कमलेश सरांना माहीत असणार. म्हणूनच त्यांनी बजावून सांगितलं असेल की गाडी जागेवरच चालवायची, टाळ्या पडल्या की बंद करायची. टाळ्या पडल्या. त्याने बंद केली नाही. टाळ्यांनी त्याचं काहीतरी झालं. दुकानात बापासमोर कधी झालं नव्हतं, घरात बायकोसमोर कधी झालं नव्हतं, असं काहीतरी.

“जागेवर तं कोनीही चालवन,” तो ओरडला. “मी धरनाच्या पाळीपर्यंत नेऊन आनतो. बिनतेलानं!”

“राहू द्या ना, भाऊ,” बुधराम म्हणाला. “झालं ना पाहून.”

“काहून? विश्वास नाही का माह्यावर?”

बुधराम ओशाळून हसला आणि बाजूला झाला. धर्मेंद्र गाडीवर बसला. मग त्याने गर्दीतून रेणूला शोधलं, तिच्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला.

तेवढा वेळ होता. नंतर रेणू त्या वेळेत पुष्कळदा परत गेली आणि दर वेळी तिला तो लांबच सापडला, अंगणाएवढा लांब, त्यात चालता-फिरता आलं असतं इतका. आधी तेल टाका, एवढंच म्हणायचं होतं. बसल्या जागेवरूनही म्हणता आलं असतं. आपल्याला आठवलं नाही असं काही नव्हतं. वजन घेऊन पळायला लागलं की काही अंतरावर आतलं लोखंड लोखंडाला धरेल, पिस्टन अडकेल, मागचं चाक जागेवर थांबेल आणि वरचा माणूस थांबणार नाही, हे सगळं तिला एखादी कविता पाठ असावी तसं ओळीने आलं. बाबांनी अशा एका माणसाची चेपलेली गाडी ओढून आणली होती. तिने स्वतः तिला हात लावून पाहिलं होतं. पण त्या क्षणी तिला रस्ता दिसत नव्हता, माणूसही दिसत नव्हता. तिला दिसत होता तो वर केलेला अंगठा. आता होऊ दे, असं तिला वाटलं. ह्या सगळ्या लोकांसमोर, ह्या फुलासकट, एकदा होऊनच जाऊ दे; मग बाटल्या संपतील, सभा संपतील, ‘तुले काय वाटते रेणू’ संपेल. तिने चहाचा शेवटचा घोट घेतला. तो थंड होता. तिने मान हलवली. धर्मेंद्रला तो होकार वाटला, आणि तो गेला.

सगळे पाहत होते, ती ऐकत होती. रस्ता कालव्याच्या कडेने वळून पाळीकडे, धरणाच्या बांधाकडे, जात होता. आवाज आधी स्वच्छ होता. मग त्यात एक बारीक टिकटिक आली, इतरांना न कळणारी. मग टिकटिकीच्या खाली कोरडी करकर. तिचे डोळे आपोआप मिटले होते. कितीतरी वर्षांनी तिला काहीतरी अगदी नीट येत होतं, आणि त्याचा तिला आनंद झाला. खरोखर आनंद झाला. तिने डोळे उघडले, बायाबाईकडे वळून पाहिलं आणि बाबांकडे पाहून हसायची तसं ओठांच्या कोपऱ्यातून हसली.

“आता जाम होईन,” ती हळूच म्हणाली.

बायाबाई हसली नाही. “म्हंजे?”

तेवढ्यात दूर, वळणाच्या पलीकडे, आवाज चिरकला आणि एकदम तुटला. लोकांना वाटलं पोहोचला. कोणीतरी टाळीही वाजवली. बायाबाई मात्र रेणूच्या तोंडाकडेच पाहत होती, आणि तिथे तिने काय वाचलं कोण जाणे, ती खुर्ची मागे ढकलून उठली. “अवो, धावा!” ती नवऱ्याला ओरडली. “थे पडले असन, धावा!” बुधराम अनवाणीच पळाला. त्याच्या मागे बाकीचे. रेणू खुर्चीवर होती. पाय होते, उठता येत होतं, तरी ती काही क्षण तशीच बसून राहिली, कारण उठण्याआधी कसला चेहरा करावा हे तिला ठरवता येत नव्हतं.

धर्मेंद्र कालव्याच्या काठावर, वाळलेल्या गवतात बसलेला होता. उजवा हात खांद्यापासून विचित्र लोंबत होता, गाल खरचटला होता. गाडी रस्त्यावर आडवी, मागच्या चाकाचा काळा ओरखडा डांबरावर लांब ओढलेला. कालवा हातभर अंतरावर होता, पाण्याने भरलेला. बुधरामने गाडीकडे पाहिलंच नाही. आधी त्याने आपला दुपट्टा काढून हात गळ्यात बांधला. कोणाची तरी ऑटो आली. बुधराम आणि बायाबाई सोबत बसले. रेणू समोरच्या पट्टीवर, नवऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून. पवनीपर्यंत धर्मेंद्र एकच गोष्ट बोलत होता: “मात्रा कमी पडली. माहीच चूक झाली, बुधरामभाऊ. दोन टाकाले पायजे होत्या.” रेणूला ती जुनी शिसारी पुन्हा आली. अजूनही. हाड मोडलं तरी अजूनही. आणि तो जो आनंद मघाशी झाला होता तो कुठे गेला हे ती शोधत होती, आणि तिला फक्त काळा ओरखडा आणि हातभर अंतर आठवत होतं.

सरकारी दवाखान्यात हाडांचा फोटो काढणारा माणूस जेवायला गेला होता. चौघं बाकावर बसली. धर्मेंद्रने डाव्या हाताने खिशातून आपल्या गाडीची चावी काढली आणि बुधरामपुढे धरली. “माही गाडी तिथंच उभी हाये. थे ठेवून घ्या. उद्या मासोळी न्या लागन ना तुमाले.”

बुधरामने चावी तळहातावर घेतली, खिशात घातली नाही.

“घ्या ना. माह्याकडूनच बिघडली.”

“तुमच्याकडून नाई, भाऊ,” बायाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “बाईले मालूम होतं. मले बोलल्या ना त्या, आता जाम होईन म्हनून. पडाच्या आधी बोलल्या.”

धर्मेंद्र हसला. दुखलं म्हणून तोंड वाकडं झालं, तरी हसला. “नाही वो, काकू. तिले मालूम असतं तं तिनं मले जाऊच देलं नसतं.” आणि त्याने रेणूकडे पाहिलं, तिने हो म्हणावं म्हणून, भंडाऱ्याच्या घरी जेवताना पाहायचा तसं.

हो म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं ती तेच म्हणत आली होती. समोरच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचं जुनं चित्र होतं, एका हसऱ्या बाईच्या गालाचा पोपडा उडालेला. कसा माणूस आहे हा, रेणूला वाटलं. एवढं सगळं होऊनही ह्याने माझ्यावर ठेवायला भरवसा कुठून आणला? तिने नेहमीसारखं त्यावर हसायचं ठरवलं. हसू आलं नाही.

“मालूम होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“बिनतेलाची गाडी पळवली की इंजिन धरते. चाक अटकते. बाबाच्या दुकानात पाह्यलं होतं मी. त्या बाटलीनं काही होत नाही, हेही मालूम होतं.”

धर्मेंद्रच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. काही वेळ तिथेच राहिलं, कामाचं नसलेलं. “पहिल्यापासून?” त्याने विचारलं.

“हो.”

“मंग बोलली काहून नाही?”

तिच्याकडे बाबांचं उत्तर होतं. ते जिभेपर्यंत आलंही. पण बाबांनी ते गिऱ्हाईकाबद्दल म्हटलं होतं, आणि हा माणूस तर रोज विचारायचा. रोज, ताट पुढे ओढून घेताना. तिने मान खाली घातली. बुधराम खाकरला. बायाबाईने पदराने धर्मेंद्रच्या गालावरचं रक्त टिपलं आणि पुन्हा हात मांडीवर घेऊन बसली.

फोटो काढणारा आला. त्याने धर्मेंद्रचा हात लांबूनच पाहिला, दार उघडलं आणि म्हणाला, “शर्ट काढून आना यांचा. टाय-बिय काही नाही पायजे.” रेणू उठली. हे तिचं काम होतं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिने टायच्या गाठीकडे हात नेला, आणि धर्मेंद्र बाकावर मागे सरकला. फार नाही, चार बोटं. तो रागावला असता तर तिने ते सहज झेललं असतं. तिरस्काराने पाहिलं असतं तर तोही तिला ओळखता आला असता. पण तो नुसता सावध झाला होता, अनोळखी गुरापासून माणूस बाजूला होतो तसा, आणि त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर नव्हते, हातांवर होते.

“बुधरामभाऊ,” तो म्हणाला, “तुमीच काढा जरा.”

बुधरामने चावी बाकावर ठेवली. तो धर्मेंद्रसमोर गुडघे टेकून बसला, आणि जाळ्याच्या गाठी सोडवणाऱ्या जाड बोटांनी, दुखऱ्या हाताला धक्का लागू न देता, टायची गाठ सैल करायला लागला. “दुखन तं सांगजा, भाऊ,” तो म्हणाला.

“सांगतो,” धर्मेंद्र म्हणाला.

बुधरामला जागा द्यायला रेणूला बाजूला व्हावं लागलं.